लाल बटण दाबल्यावर रोबो पडणार कुणावर? कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, मानवाकृती रोबो आता प्रदर्शनांतून निघून कारखान्यांच्या आणि गोदामांच्या दारात उभे आहेत. त्यांना माणसांच्या बरोबरीने कामाला लावण्याची परवानगी आज ना उद्या तुमच्याच खात्यातून निघणार. नोकऱ्या जातील का राहतील, यावर तुम्हाला ढिगाने पत्रे येत असतील. त्या वादात मी आज पडत नाही. यंत्रसुरक्षेचे काम करणारा माणूस म्हणून मला एवढेच विचारायचे आहे, की हे यंत्र थांबवायचे कसे?

प्रश्न बाळबोध वाटेल. पण काही बिनसले की लाल बटण दाबायचे, वीज तुटते, यंत्र जागच्या जागी थांबते आणि धोका टळतो, याच भरवशावर आजवर शॉप फ्लोअर चालत आले आहेत. कन्व्हेयरला हे लागू पडते, जमिनीला बोल्टने जखडलेल्या रोबोच्या हातालाही पडते. दोन पायांच्या यंत्राला पडत नाही. त्याच्या मोटरी क्षणोक्षणी तोल सावरत असतात, म्हणून तर ते उभे असते. वीज तोडली की ते कोसळते.

हिशेब साधा आहे. पावणेदोन मीटरचा ताठ खांब बुडापासून कलंडला, तर जमिनीवर आदळताना त्याच्या वरच्या टोकाचा वेग ताशी 25 किलोमीटरच्या आसपास भरतो. रोबोचे गुडघे दुमडतात, त्यामुळे प्रत्यक्षात वेग कमी असेल. पण पूर्ण उंचीच्या यंत्राचे साठ-सत्तर किलो वजन दुमडून कमी होत नाही. हातात भरलेला क्रेट असला तर तो वेगळाच. आणि शेजारी कोणी खालचा खोका उचलायला वाकलेले असेल, तर पहिला दणका डोक्याला.

माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबोंसाठी 2016 साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा आयएसओ/टीएस 15066 हा दस्तऐवज आला. शरीराच्या 29 जागांवर किती दाब, किती जोर चालेल, याचे तक्ते त्यात आहेत, आणि डोक्याला व चेहऱ्याला धक्का लागलेला त्यात चालत नाही. पण हे तक्ते रोबोच्या हाताच्या धक्क्यासाठी आहेत, अख्खे यंत्रच अंगावर येण्यासाठी नाहीत. स्वतःचा तोल सांभाळत चालणाऱ्या यंत्रांसाठी आयएसओ 25785-1 या वेगळ्या मानकाचे काम हाती घेतले गेले, ते यामुळेच. बनवणाऱ्यांनाही याची जाणीव आहे. ॲजिलिटी रोबोटिक्स या कंपनीचा दोन पायांचा रोबो ‘डिजिट’ 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका गोदामात कामाला लागला, तो माणसांपासून वेगळ्या राखलेल्या जागेत. खुद्द कर्ताच जाळी काढायला तयार नसताना ती आपण कुणाच्या सांगण्यावरून काढायची?

आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली. जुना रोबो हजार वेळा तीच हालचाल करायचा. त्याची पोहोच मोजून जमिनीवर पिवळा पट्टा मारला की काम भागायचे. नवा रोबो नमुन्यांवरून शिकलेला असतो. तोच खोका जरा तिरका ठेवा, तो वेगळ्या बाजूने हात घालेल. त्याची उपयुक्तता त्यातच आहे, हे मान्य. पण रात्रीतून सॉफ्टवेअर अपडेट झाले, की सकाळच्या पाळीला शेजारी उभे असलेले यंत्र कालचे राहिलेले नसते, आणि प्रमाणपत्र मात्र कालच्याच यंत्राचे असते.

रोबोमुळे माणूस दगावल्याची नोंद झालेली पहिली घटना 1979 ची, अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात. यंत्राने मालाचा साठा चुकीचा दाखवला म्हणून रॉबर्ट विल्यम्स माल काढायला वर चढले आणि रोबोच्या हाताचा फटका त्यांना बसला. 1981 मध्ये जपानमध्ये केंजी उरादा दुरुस्तीसाठी कुंपण ओलांडून आत गेले आणि तेही रोबोमुळे दगावले. यंत्राचे काम बिघडले म्हणूनच दोघेही त्याच्या जवळ गेले. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सुरळीत चालणारी लाइन असते. अपघात अडलेल्या लाइनवर होतात. मानवाकृती रोबोभोवती तर ओलांडायला कुंपणसुद्धा नसेल.

बटणाबद्दल आणखी एक. महागडे यंत्र बटण दाबताच तोंडावर आपटून मोडणार, हे माहीत असलेला कंत्राटी कामगार ते दाबेल का? आत्ताच लाइन थांबवली तर सुपरवायझर विचारतो, “कुणाला विचारून थांबवलीस?” तेव्हा बटण दाबणाऱ्याकडून नुकसानभरपाई घेता येणार नाही आणि त्याला कामावरून काढता येणार नाही, हे नियमातच स्पष्ट लिहा. शेरा मारून भागणार नाही.

परवानगीआधी पडण्याची चाचणी सक्तीची करा. सगळ्यात अवघड अवस्थेत, हात लांबवलेले, वजन उचललेले, पाऊल अर्धवट टाकलेले असताना वीज तोडायची आणि यंत्र कुठवर पडते ते जमिनीवर आखायचे. यंत्र चालू असेपर्यंत त्या आखणीच्या आत माणूस नको. जो उत्पादक यंत्र आधी खाली बसवून मग वीज तोडतो, त्याने ते बसायला किती वेळ घेते हे मोजून दाखवावे. हालचाल बदलणारे प्रत्येक अपडेट झाल्यावर ही चाचणी पुन्हा व्हावी.

बाकीचे थोडक्यात. रोबो स्वतःच्या अकलेने चालतो आहे की दुरून कोणी चालवतो आहे, हे शेजारच्याला दिव्यावरून कळले पाहिजे. त्याच्या डोक्यातला कॅमेरा कामगारांवर पाळत ठेवायला वापरता कामा नये. कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर युरोपीय संघाने फेब्रुवारी 2025 पासून बंदी घातलीच आहे, अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा. आणि अपघात झाला तर यंत्रातली नोंद विक्रेत्याच्या आधी तुमच्या निरीक्षकाच्या हाती पडावी.

मसुदा समितीत उत्पादक असतील, प्राध्यापक असतील. पाळीत यंत्राशेजारी प्रत्यक्ष उभे राहणारे चार जणही घ्या, त्यातले दोन मेन्टेनन्सचे. लाइन अडली की आधी हाक त्यांनाच जाते.

कळावे,
आपला,
एक यंत्रसुरक्षा तंत्रज्ञ