खासगी डॉक्टरांना नोटीस नको, उत्तर द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की एक बातमी दरवर्षी ठरलेली असते : डेंग्यू-मलेरियाच्या रुग्णांची माहिती न कळवणाऱ्या खासगी डॉक्टरांवर कारवाई होणार. आम्ही ती वाचतो, आपसांत दोन दिवस बोलतो आणि विसरून जातो. मी यवतमाळ जिल्ह्याच्या ग्रामीण भागात दवाखाना चालवणारा बीएएमएस डॉक्टर आहे. त्यामुळे या प्रश्नाची दुसरी बाजू मांडावीशी वाटते.

आमच्याकडे ताप आला की माणूस आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जात नाही. निंदण-डवरणीच्या दिवसांत मजुरी पाडून ओपीडीच्या रांगेत उभं कोण राहणार? तो दिवेलागणीला आमच्याकडे येतो. "सायेब, सुई टोचून द्या, उद्या फवारनीले जायचं हाये." साथीचा पहिला रुग्ण सरकारी कागदावर चढण्याआधीच आमच्या रजिस्टरमध्ये आलेला असतो, नाहीतर रजिस्टरच न ठेवणाऱ्या एखाद्या बोगस डॉक्टरकडून सलाईन लावून गेलेला असतो.

२०१७ चा हंगाम आठवा. कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती आणि कीटकनाशकाचा फवारा थेट तोंडावर येत होता. मळमळ, लाळ, दरदरून घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या, "डोळ्यानं दिसत नाही" ही तक्रार. असे शेतकरी, शेतमजूर गावोगावच्या दवाखान्यांत येत होते. ज्याच्या त्याच्यापुढे दोन-तीनच रुग्ण, त्यामुळे हे नेहमीचंच असं प्रत्येकाला वाटलं. सगळ्यांची बेरीज मांडणारं कुणी नव्हतं. जिल्ह्यात वीसवर बळी गेले, तेव्हा राज्यभर हाकाटी झाली.

बेरजेची सोय कागदावर नाही असं नाही. साथींची माहिती एका जागी गोळा करणारा सरकारचा एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून सुरू आहे. रुग्णांची माहिती भरायला आरोग्यसेवकाचा 'एस' फॉर्म, डॉक्टरचा 'पी', प्रयोगशाळेचा 'एल', आणि अहवालाचा आठवडा सोमवार ते रविवार. २०२१ पासून हे सगळं ऑनलाइन पोर्टलवर गेलं. खासगी दवाखान्यांनीही माहिती द्यावी हे त्यात पहिल्यापासून आहे. मग आम्ही का देत नाही?

माझंच सांगतो. एका वस्तीतली तापाची मुलं लागोपाठ आली, दवाखान्यातल्या झटपट कार्ड टेस्टवर डेंग्यू निघाला. मी सरकारी आरोग्य खात्याला फोन केला. उत्तर आलं, "कार्ड टेस्ट धरत नाही, एलायझा लागते." म्हणजे प्रयोगशाळेतली रक्ततपासणी. नियम बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. रक्ताचे नमुने नेले. त्यांचं काय झालं हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुढे माझी चौकशी मात्र झाली : नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा, जैववैद्यकीय कचऱ्याची पावती दाखवा. आता सांगा, दुसऱ्यांदा फोन कोण करणार?

आमच्या बिरादरीची बाजूही झाकायला नको. गावात साथ आहे म्हटलं की रुग्ण तालुक्याला पळतील, ही धास्ती अनेकांना असते. पहिल्याच दिवशी स्टेरॉइड आणि भारी अँटिबायोटिक देऊन ताप उतरवायचा, मग कशाचा होता ते कोण पाहतो? हेही चालतं.

पण हेच डॉक्टर टीबीची नोंद करू लागलेत. २०१२ मध्ये ती सक्तीची झाली, २०१८ मध्ये न कळवणं शिक्षेस पात्र ठरलं. नुसत्या धाकाने हे झालं असं मला वाटत नाही. नोंद केली की डॉक्टरला ५०० रुपये, उपचाराचा निकाल कळवला की आणखी ५००. रुग्णाला पोषणासाठी महिन्याला ५०० मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. शिवाय त्याची विचारपूस करायला माणूस येतो. म्हणजे कळवल्यावर काहीतरी घडतं. २०२३ मध्ये देशातल्या टीबीच्या नोंदींपैकी सुमारे एक तृतीयांश खासगीकडून आल्या.

तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९८० च्या दशकात उत्तर अर्काट जिल्ह्यात याहून साधी गोष्ट केली होती. डॉक्टरांकडे छापील पोस्टकार्डं, तिकिटाचा खर्च त्यांच्यावर नाही. कार्डं एका ठिकाणी जमा होत आणि जिल्ह्यात काय चाललंय याचं पत्रक दर महिन्याला डॉक्टरांकडे परत येई. तेव्हा मोबाइल नव्हता. आज आमच्या तालुक्यात लग्नपत्रिकासुद्धा व्हॉट्सअॅपवर येते, पण शेजारच्या गावात स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप) निघाला हे मात्र मला औषध कंपनीच्या एमआरकडून, म्हणजे विक्री प्रतिनिधीकडून कळतं!

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी दर सोमवारी चार ओळींचा मराठी निरोप पाठवावा : कोणत्या गावात काय निघालं, कोणती तपासणी कुठे मोफत होते. ज्याने कळवलं त्याला नमुन्याचा निकाल आधी मिळावा. रोगाची माहिती घेणारा आणि दवाखान्याचे कागद तपासणारा माणूस वेगळा असावा. कागद जरूर तपासा, पण फोन केल्याचं बक्षीस म्हणून नको. निरोपाच्या यादीत एमबीबीएसवाल्यांबरोबर बीएएमएस, बीएचएमएस, पॅथॉलॉजीवाले आणि मेडिकल दुकानदारही हवेत, कारण तापाच्या गोळ्या एकदम खपायला लागल्या की ते पहिल्यांदा दुकानदाराला कळतं. पांढरकवडा, झरी भागातले रुग्ण तेलंगणातल्या आदिलाबादला जातात, त्यांच्यासाठी तिकडच्या अधिकाऱ्यांशीही बोलणं ठेवावं लागेल. यातलं बहुतेक काम कपाशीची फवारणी सुरू होण्याआधी एका बैठकीत ठरू शकतं. बैठक संध्याकाळी नको, तेव्हा आमचे दवाखाने भरलेले असतात.

– एक खासगी डॉक्टर, जि. यवतमाळ
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)