नंदे, ट्रॅपच्या बुडाशी ग्रॅनाइटच निघाला

कराड, रविवार रात्र

प्रिय नंदे,

इतके महिने पत्र नाही, फोन नाही, म्हणून मनातल्या मनात शिव्या घालत असशील. घाल. तब्येतीचं एका ओळीत: शुगर ताब्यात, गुडघे नाहीत, डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता मुद्दा. पैज मी जिंकले. ट्रॅपच्या, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या लाव्हाच्या दगडाच्या, खाली थेट ग्रॅनाइट आहे, मध्ये वाळूचा थर म्हणून नाही. तुझा कलादगीचा वालुकाश्म गेला खड्ड्यात.

हे दुसऱ्या कुणाला सांगू? घरात सांगितलं तर हे म्हणाले, "बरं मग?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

होस्टेलच्या गच्चीवर त्या पायी दोन दिवस अबोला धरला होतास. सिंधुदुर्गात कलादगीचे वालुकाश्म उघडे दिसतात, म्हणजे इकडेही ट्रॅपखाली तेच असणार, हा तुझा हेका. देव सरांना पंच केलं तर ते म्हणाले, "खणून बघा." तर बाई, खणलं त्यांनी. १९६७ च्या ११ डिसेंबरचा भूकंप तुला काय सांगायचा, तुमची तर अख्खी माडी बसली होती. त्या भूकंपांच्या मुळाशी जायचं म्हणून कोयनेच्या आसपास बोअर मारलेत. रासाटीचा १५२२ मीटर. त्यात वरचे साधारण ९३२ मीटर नुसता बेसाल्ट, लाव्हाचे ४७ थर एकावर एक, आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइट. दुसरा बोअर तर तीन किलोमीटरपर्यंत नेला. तुझा तो इंग्रज भूशास्त्रज्ञ ओल्डहॅम आसामच्या १८९७ च्या भूकंपाच्या नोंदी घेऊन बसला आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा आहे म्हणाला, ते एक मीटरही न खणता. रशियातला कोलाचा बोअरसुद्धा १२,२६२ मीटरवर थांबला. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. खालचं सगळं आपल्याला भूकंपांनीच सांगितलंय, हे तुझं लाडकं वाक्य मला मान्य आहे. मिसळ मात्र तुझ्याकडूनच.

शिक्षकांच्या एका गटाबरोबर कोअर, म्हणजे बोअरमधून काढलेला खडक, बघायला मिळाला. लांब खोक्यांत दंडगोल ओळीनं मांडलेले. बेसाल्ट आपला नेहमीचा, काळा, मधून मधून झिओलाइटचे पांढरे ठिपके. त्याच्या पलीकडे राखाडी-गुलाबी ग्रॅनाइट, फेल्डस्पारचे दाणे बोटाला लागत होते. वरचा साडेसहा कोटी वर्षांचा, खालचा अडीचशे कोटींच्या पुढचा. मी एक बोट इकडे, एक तिकडे ठेवलं आणि मधली वर्षं मोजायला लागले. प्राणवायू हवेत टिकायला लागला तो २४० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे या दोन बोटांच्या मधे. पृथ्वी जवळजवळ पूर्ण गोठली तो काळ मधे. चंद्रपूरचा कोळसा मधे. डायनासोर आले, माजले, तेही मधेच. प्राणवायूवाल्या हवेचा जवळजवळ सगळा इतिहास तिथून खरवडून गेलाय. गाइड पोरगा म्हणाला, "मॅडम, हात लावायचा नसतो." लावला. त्याच ग्रॅनाइटमधल्या पोटॅशियमचा आर्गॉन होतोय, अजून. आपल्या दर श्वासात जवळजवळ एक टक्का आर्गॉन असतो तो असाच खडकातून आलेला. वर्गात हे सांगितलं की पोरं नाकपुड्या फुगवून बघायची.

हे झालं सुखाचं. आता ज्यासाठी पेन उचललं ते.

मागच्या महिन्यात पाटणकडच्या एका गावी व्याख्यान होतं, "हवेची गोष्ट". समोर जालिंदर. तोच, ज्यानं सहलीत तुझा चष्मा कोयनेत पाडला. आता त्याचे दोन खडी क्रशर आहेत, गळ्यात चेन आहे, आणि मला बघून खरंच वाकून पाया पडला. व्याख्यान संपल्यावर उभा राहिला. "बाई, तुम्हीच शिकवलंत, पहिल्या हवेत प्राणवायू नव्हताच. मग तो आला, जुने जीव मेले, नवे आले. आता कार्बन वाढला तर वाढू दे की. पृथ्वीनं लई बघितलंय."

टाळ्या पडल्या गं.

मी आकडे काढले. कारखानदारीच्या आधी दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड, १९५८ मध्ये हवाईत मोजायला सुरुवात झाली तेव्हा ३१५, आणि आता ४२० च्या वर. तर म्हणतो, "बाई, तुम्ही कोटीत बोलायच्या. आता दीडशे वर्षांसाठी रडताय व्हय?"

त्या रात्रीपासून झोप नाही. त्याचं एकही वाक्य खोटं नाही, हीच पंचाईत. आपल्याला कोटींची भुरळ होती. कॉलेजात काही बिनसलं की तू म्हणायचीस, "साडेसहा कोटी वर्षांच्या दगडावर बसून रडतेस काय?" आणि बरं वाटायचं. मी तेच औषध वर्षानुवर्षं वर्गात वाटलं. त्याची गुंगी येते, हे जालिंदरनं दाखवलं. मोठा आकडा ऐकला की माणूस स्वतःचा आकडा शून्य धरतो.

रात्री उत्तरं सुचतात. प्राणवायू काय एका दिवसात आला? निळ्या-हिरव्या जिवाणूंनी तो सोडला, तो आधी समुद्रातल्या लोखंडानं गिळला. जगभर लाल-काळ्या पट्ट्यांचे थर साचले, गोव्याचं लोखंड त्यातलंच. कोट्यवधी वर्षं हा गंज चढत होता आणि हवा ताटकळत होती. आपला ट्रॅप घे. एवढा प्रचंड लाव्हा, त्याचा बराचसा भाग दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला, त्यालाही भूशास्त्रात घाई म्हणतात. आणि आजचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो आपल्या धुराच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. दीडशे वर्षं कमी आहेत, हेच तर भिण्याचं कारण. पण हे त्याला तोंडावर सांगायला हवं होतं, पहाटे तीनला उशीला नव्हे.

बरं, खडकाचा स्वतःचा उपायही आहे. पावसात हवेतला कार्बन विरघळतो, ते पाणी बेसाल्ट कुरतडतं, त्यातला चुना समुद्रात जाऊन चुनखडी होतो. त्या हिशेबाला लाखो वर्षं लागतात. म्हणून आता काही शास्त्रज्ञ बेसाल्टची बारीक भुकटी शेतात पसरून ते काम लवकर होतं का बघताहेत. बेसाल्टची भुकटी, नंदे! जालिंदरच्या क्रशरमागे तिचे ढीग पडलेत. अंथरुणात एकटीच हसले. पण त्याला सांगितलं तर टेंडर भरेल आणि उरलेला डोंगरही फोडेल.

"जुने जीव मेले, नवे आले" हे तो किती सहज म्हणाला. मीही तेवढंच सहज शिकवलं असणार, परीक्षेला दोन मार्कांचं होतं. यावेळी जुने म्हणजे कोण, हे मी त्याला विचारलं नाही. त्याची धाकटी पोरगी पहिल्या रांगेत बसली होती, दोन वेण्यांची, तोंडात चिक्की. तिच्यासमोर ते माझ्या जिभेवर आलं नाही. तू विचारलं असतंस. तुझी जीभ कधी कुणापाशी अडलीय? देव सरांच्या निरोप समारंभात तू काय बोललीस ते मी मेल्यावरही विसरणार नाही.

तुझं काय? सुनेच्या नोकरीचं ठरलं का? बंगळूरचं घर घाईनं विकू नकोस, अशोकरावांना म्हणावं शैलानं सांगितलंय. मोतीबिंदू लांबणीवर टाकू नकोस, काही दुखत नाही. विज्याची बातमी कळली असेलच, त्यावर भेटीत बोलू.

जालिंदरनं परत बोलावलंय, यावेळी त्याच्याच गावच्या यात्रेत. मंडप त्याचा, माइक त्याचा, जेवणही त्याचंच. मी हो म्हणून बसलेय. त्याच्या आत उत्तर पाठव. आणि लांबण लावू नकोस, त्याला दोन वाक्यांच्या पुढं ऐकायची सवय नाही.

तुझी,
शैला

ता.क. माझा हातोडा तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस, दांड्यावर माझं नाव कोरलंय.