खुले पत्र: सवलत देण्याआधी समोरचे कलम विचारा

मा. श्री. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री, नवी दिल्ली

15 डिसेंबर 2025

सप्रेम नमस्कार.

आपण मुंबईचे, म्हणून हे पत्र मराठीतून. अमेरिकेचे व्यापारी धोरण हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. अमेरिकेबरोबरच्या वाटाघाटी सुरू आहेत, त्यामुळे एक मागणी आपल्यापुढे जाहीरपणे ठेवतो. अमेरिकेला कोणतीही सवलत देण्याआधी, तिच्या बदल्यात जे शुल्क कमी होणार आहे ते कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली लावले आहे, हे विचारून घ्या. आणि ते कलम कोर्टात कोसळले तर आपली सवलतही संपेल, हे करारातच लिहून घ्या.

हे वकिली खुसपट वाटेल, पण सध्या सगळी गोम तिथेच आहे.

आयातशुल्क लावण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिला आहे. आयातशुल्के भरमसाट वाढवणाऱ्या 1930 च्या स्मूट-हॉली कायद्याने हात पोळल्यानंतर काँग्रेसने 1934 पासून तो थोडाथोडा राष्ट्राध्यक्षांकडे सोपवला, पण प्रत्येक वेळी अटी घालून. आपल्यावर 7 ऑगस्टला आलेले 25 टक्के आणि रशियन तेलाच्या नावाखाली 27 ऑगस्टला आलेले आणखी 25 टक्के हे दोन्ही 1977 च्या आणीबाणीविषयक आर्थिक अधिकारांच्या कायद्यावर उभे आहेत. त्या कायद्यात आयातशुल्काचा उल्लेखही नाही. 28 मे रोजीच तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने या कायद्याखाली जगभर लावलेली शुल्के बेकायदा ठरवली, 29 ऑगस्टला अपील न्यायालयाने 7 विरुद्ध 4 मतांनी तेच सांगितले. 5 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा खुद्द रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेल्या न्यायमूर्तींनीही सरकारी वकिलाला अवघड प्रश्न विचारले. निकाल बाकी आहे. तो काय लागेल याचा अंदाज बांधणे माझे काम नाही, आणि आपलेही नसावे. आज आपण मका-सोयाबीनचे दार उघडून 50 टक्क्यांचे 20 करून घेतले आणि पुढच्या महिन्यात कोर्टाने ते 50 टक्के रद्दच केले, तर जे फुकट मिळणार होते त्याचे पैसे आपण मोजलेले असतील. उघडलेले दार मात्र उघडेच राहील.

याउलट एक शुल्क असे आहे की ज्याला हा निकाल हात लावणार नाही. 1962 च्या व्यापार विस्तार कायद्याचे कलम 232, म्हणजे 'राष्ट्रीय सुरक्षा'. त्याखाली पोलाद आणि ॲल्युमिनियमवर 4 जूनपासून 50 टक्के, मोटारींच्या सुट्या भागांवर 25 टक्के, 1 नोव्हेंबरपासून ट्रक आणि त्यांच्या भागांवरही 25 टक्के. ऑक्टोबरपासून स्वयंपाकघरातली कपाटे आणि बाथरूममधली कॅबिनेटेही याच यादीत आली. बाथरूमच्या कपाटामुळे महासत्तेच्या सुरक्षेला काय धोका पोहोचतो, हे पेंटॅगॉनलाच ठाऊक.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावातल्या फाउंड्र्या आणि पुण्याच्या चाकण पट्ट्यातले फोर्जिंग-मशीनिंगवाले यांचा खरा प्रश्न हा आहे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात आणीबाणी कायद्याखालचे 50 टक्के गाजले, पण यांच्या बऱ्याचशा मालाला ते लागूच नाही. त्यांना 232 लागते, आणि उद्या कोर्ट आपल्या बाजूने लागले तरी ते लागतच राहील. मे महिन्यात आपण जागतिक व्यापार संघटनेत पोलादाबद्दल प्रतिशुल्काची नोटीस दिली होती. अमेरिकेने सांगितले, हा सुरक्षेचा विषय, तुमचा नियम इथे चालत नाही. पण वाटाघाटीत हेच कलम वाकते. ब्रिटनने वर्षाला 1 लाख मोटारी 10 टक्क्यांवर बसवून घेतल्या, पोलादावरचे शुल्क 25 टक्क्यांवर ठेवून घेतले. जपानने मोटारींवरचे 27.5 टक्के 15 वर आणले, अर्थात 550 अब्ज डॉलर गुंतवणुकीचे वचन देऊन. तेव्हा आपली ताकद खर्चायची ती इथे खर्चावी, कारण इथे जे मिळेल ते कोर्टाकडून मिळणार नाही.

आता कापूस. 19 ऑगस्टला केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क शून्य केले, आधी 30 सप्टेंबरपर्यंत. कापड गिरण्यांना स्वस्त कच्चा माल हवा, हे कारण दिले गेले, आणि ते खोटे नाही. पण तारखा पाहा. आपण 19 ला दिले, 27 ला अमेरिकेने दंडाचे 25 टक्के लावले, आणि 28 ला आपण सूट 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. विदर्भ-मराठवाड्यात वेचणी ऑक्टोबरात सुरू होते, म्हणजे ऐन आवकेत बाहेरचा कापूस शुल्काविना. मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये, आणि खुल्या बाजारात शेतकऱ्याला त्याच्या खाली विकावे लागले. ही सवलत अमेरिकेला म्हणून दिलीच नव्हती, असे आपले खाते म्हणेल. मग तर अधिकच वाईट, कारण तिच्या बदल्यात काही मागण्याची संधीही आपणच सोडून दिली.

सोयाबीनची आठवण तर ताजी असायला हवी. ऑगस्ट 2021 मध्ये जीएम (जनुकीय बदल केलेल्या) सोयापेंडीच्या 12 लाख टन आयातीला परवानगी मिळाली आणि चढलेला भाव काही आठवड्यांत बसला. लातूरच्या बाजार समितीत कोणालाही विचारा, महिना सांगतील. या वर्षी चीनने अमेरिकी सोयाबीनची खरेदी महिनोनमहिने थांबवली आणि आयोवा, इलिनॉयचे शेतकरी हवालदिल झाले. अमेरिकेचे वाणिज्यमंत्री लटनिक भारत अमेरिकेचा मका का घेत नाही म्हणून आपल्यावर डाफरले, त्यामागे त्या राज्यांमधली मते आहेत. ट्रम्प आणि शी जिनपिंग यांच्या 30 ऑक्टोबरच्या बुसान भेटीनंतर चीन पुन्हा खरेदी करायला तयार झाला. म्हणजे त्यांची निकड आता थोडी कमी झाली आहे. आपल्याकडची घाई वाढण्याचे कारण मला तरी दिसत नाही. ऑक्टोबरात बर्लिनमध्ये आपणच म्हणालात की डोक्याला बंदूक लावून भारत करार करत नाही. मला ते आवडले होते.

अमेरिका म्हणजे व्हाइट हाउस, असे समजून आपण वागतो याचेही मला आश्चर्य वाटते. ऑक्टोबरच्या अखेरीस सिनेटने ब्राझील, कॅनडा आणि सर्व देशांवरच्या शुल्कांविरुद्ध लागोपाठ ठराव मंजूर केले. खालच्या सभागृहाने ते घेतले नाहीत, पण काही रिपब्लिकन फुटले हे दिसले. आयोवाचेच सिनेटर ग्रासली यांनी एप्रिलमध्ये शुल्कांना 60 दिवसांत काँग्रेसची मंजुरी लागावी असे विधेयक आणले. 14 नोव्हेंबरला कॉफी, चहा, मसाले यांच्यावरचे शुल्क उतरले, ते किराणा महागल्यामुळे आणि न्यू जर्सी-व्हर्जिनियाच्या निवडणुकांत ट्रम्प यांचा पक्ष हरल्यामुळे. आपल्याला त्यासाठी काहीच द्यावे लागले नाही. दुसरीकडे, 2019 मध्ये काढून घेतलेली जीएसपी सवलत (विकसनशील देशांच्या ठरावीक मालाला शुल्कमाफी) बायडन आले म्हणून परत मिळाली नाही. काँग्रेसने ती योजनाच 2020 नंतर वाढवली नाही. त्यामुळे अध्यक्षाच्या शब्दापेक्षा काँग्रेसचा कायदा मोलाचा.

सुरक्षेबद्दल थोडे. 17 ऑक्टोबरला नाशिकला एचएएलमध्ये तेजस लढाऊ विमानाची नवी उत्पादन साखळी सुरू झाली. 31 ऑक्टोबरला क्वालालंपूरला दहा वर्षांच्या संरक्षण आराखड्यावर सह्या झाल्या, आणि 7 नोव्हेंबरला त्याच तेजससाठी 113 अमेरिकी इंजिनांचा करार झाला. हे सारे 50 टक्के शुल्क चालू असताना. संबंध तुटू नयेत हे योग्यच आहे. पण 2021 मध्ये मागवलेली इंजिने उशिरा आली, त्याने हवाई दलाचे वेळापत्रक कोसळले, आणि निर्यात परवाना वॉशिंग्टनच्या हातात आहे. उद्या मक्याच्या टेबलावर इंजिनांचा विषय निघाला, तर आपल्या शिष्टमंडळाने काय उत्तर द्यायचे, हे वाणिज्य आणि संरक्षण या दोन्ही खात्यांनी आधी एकत्र बसून ठरवले आहे का?

आणि सर्वांत जवळची तारीख. कापसाची सूट 31 डिसेंबरला संपते. 1 जानेवारीपासून 11 टक्के परत लागू होणार आहेत की नाहीत, हे आजच जाहीर करा. यवतमाळ-अकोल्यात अजून बराच कापूस घरात पडून आहे आणि शेतकऱ्याला तो विकायचा की थांबायचे ते ठरवायचे आहे.

आपला,
अमेरिकी व्यापार धोरणाचा एक अभ्यासक, पुणे