मेलेल्या आत्याला हजर करा

मा. संपादक,

काल तुमच्या पुरवणीत वडिलोपार्जित जमीन कशी विकावी यावरचा लेख वाचला. छान आहे. त्यातलं ते 'सर्व वारसांनी एकत्र बसून सामंजस्याने निर्णय घ्यावा' हे वाक्य मी बायकोला हाक मारून मोठ्याने वाचून दाखवलं, दोघंही पोटभर हसलो. आमच्या कोकणातल्या 52 गुंठ्यांना आज 37 वारस आहेत, त्यातले दोन दुबईला, एक कुठे असतो ते त्याच्या सख्ख्या भावालाही माहीत नाही, आणि दोन घरं 1998 सालच्या एका लग्नातल्या मानपानावरून अजून एकमेकांच्या मयताला जात नाहीत. लेखकाने यांना एकत्र बसवून दाखवावं, हॉलचं भाडं मी भरतो.

मुलींना हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला असंही ठोकून दिलंय. अहो, आमचे आजोबा गेले 1961 ला. 1956 चा वारसा कायदा तेव्हा होता, म्हणजे तिन्ही आत्यांचा हिस्सा, थोडा का होईना, तेव्हापासूनच होता. पण फेरफारात, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलण्याच्या नोंदीत, नाव लागलं एकट्या मोठ्या काकांचं, पुढे ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) लिहिलं, विषय संपला. बहिणींची नावं निदान सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात तरी टाकायचे, आमच्याकडे तेवढंही नाही. काका मॅनेजर आणि बाकीचे सगळे मे महिन्यात आंबे खायला येणारे पाहुणे.

तर गिऱ्हाईक आलं, भाव बरा होता, वकील म्हणाले आधी सगळे वारस सातबाऱ्यावर आणा. आणू म्हटलं. अडलं कुठे तर मधल्या आत्यापाशी. ती बेळगावकडे दिलेली, 1974 ला वारली. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला पाहिजे आणि तिथल्या खेड्यात नोंदच नाही, त्या काळी कोण जात होतं नोंदवायला. इतकी जुनी नोंद करायची तर मॅजिस्ट्रेटचा आदेश आणा, आदेशाला पुरावा आणा. आतेभाऊ बिचारा भिंतीवरचा हार घातलेला फोटो काढून घेऊन गेला तर क्लार्क म्हणतो, फोटोला हार काय कोणीही घालतं. (हेही खरंच म्हणा.) आत्या आज असती तर 98 वर्षांची असती. मी इकडे तालुक्याच्या ऑफिसात वैतागून विचारलं, मेलेली धरत नाही तर जिवंत धरा, तिचं नाव लावा, चालेल? साहेब शांतपणे म्हणाले, चालेल की, त्यांना हजर करा.

अकरा महिन्यांनी दाखला आला. त्यावर नाव सासरचं आणि आमच्या वंशावळीत माहेरचं, मग ही तीच बाई कशावरून म्हणून आणखी एक प्रतिज्ञापत्र. ते होईपर्यंत तो फोटो घेऊन फिरणारा आतेभाऊच गेला. म्हणजे आता त्याचा दाखला, त्याचे वारस, त्यातली एक सून नांदत नाही. गिऱ्हाईक कधीच दुसरीकडे एनए (बिगरशेती) प्लॉट घेऊन मोकळं झालं.

आणि तुम्ही कौतुकाने छापता की सातबारा आता 15 रुपयांत मोबाईलवर मिळतो. मिळतो ना. चुकीचा सातबारा पूर्वी तलाठ्याकडे हेलपाटे मारून मिळायचा, आता घरबसल्या मिळतो. नाव लागलं म्हणजे मालकी झाली असं नसतं हे लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं, लोक असे लेख वाचून टोकन देऊन बसतात आणि मग आमच्यासारख्यांच्या दारात येऊन रडतात.

आता विषय निघालाच आहे तर. याच व्यवहारात टायटलसाठी, म्हणजे मालकीवर कोणाचा दावा नाही ना हे बघायला, जाहीर नोटीस दिली होती, 14 दिवसांत हरकत घ्या वगैरे, ती तुमच्याच पेपरात छापली होती. मुंगीएवढ्या अक्षरात, ते ठीक, तशीच असते. पण गट नंबरच चुकीचा छापला. वकिलांनी पुन्हा द्यायला लावली आणि तुमच्या काउंटरवर पुन्हा पूर्ण पैसे घेतले, वर ऐकवलं की मजकूर तपासून द्यायची जबाबदारी जाहिरातदाराची. माझ्या हस्ताक्षरातला कागद आणि दोन्ही पावत्या माझ्याकडे आहेत. कोणाच्या नावाने पाठवू ते कळवा.

– तुमचा 30 वर्षांचा वर्गणीदार, डोंबिवली