प्रलयकथा वाचणाऱ्या मुलांच्या हाती दोर द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला प्रलयकथांवरचा लेख वाचला. महासाथ, अणुयुद्ध किंवा जगबुडीनंतर उरलेल्या मूठभर माणसांच्या गोष्टी वाचून मुलं निराश होतात, भित्री होतात, असा त्याचा सूर होता. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून हे पत्र.

माझा आठवीतला नातू मे महिन्यात चिपळूणला आला, तो अशीच एक जाडजूड कादंबरी संपवून. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परसात दोन काटक्या एकमेकींवर घासत बसलेला दिसला. दोन दिवस घासत होता. तळहाताला फोड आले, पण धूर काही निघाला नाही. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "आजी, काडेपेटी नव्हती तेव्हा लोक काय करायचे गं?" मी त्याला चकमक समजावून सांगितली. गारगोटीवर पोलादाचा तुकडा आपटायचा, उडालेली ठिणगी शेवरीच्या कापसावर झेलायची आणि हलकेच फुंकत राहायची. ठिणगी म्हणजे पोलादाचाच तापून पेटलेला कण, हे ऐकताना त्याचे डोळे बघण्यासारखे झाले होते. घर्षणाचा धडा मी कितीदा शिकवला असेन, पण असा प्रश्न वर्गात फार थोड्या वेळा आला. तो प्रश्न त्या कादंबरीने आणला.

हे एकट्या माझ्या नातवाचं नाही. 'द हंगर गेम्स' या चित्रपटाची नायिका धनुष्यबाणावर जगते. २०१२ साली तो आला तेव्हा अमेरिकेत तिरंदाजी शिकायला मुलींची रीघ लागली. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०११ मध्ये, तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने झोंबींचा, म्हणजे चालत्या-फिरत्या प्रेतांचा, हल्ला झाला तर काय तयारी हवी, यावर एक लेख लिहिला होता. यादी साधीच होती: माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी, टिकणारं अन्न, रोजची औषधं, बॅटरीवरचा रेडिओ, महत्त्वाची कागदपत्रं आणि ताटातूट झाली तर घरच्यांनी कुठे भेटायचं ती जागा. हीच यादी चक्रीवादळालाही लागते आणि भूकंपालाही. एरवी जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, ती वाचायला इतकी झुंबड उडाली की संस्थेच्या ब्लॉगचं संकेतस्थळ कोलमडलं.

पण पुढचा भागही सांगायला हवा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की हा गमतीदार संदेश वाचणाऱ्यांची प्रत्यक्ष तयारी करण्याची इच्छा साधा संदेश वाचणाऱ्यांपेक्षा कमीच होती. उलट करोनाच्या पहिल्या लाटेत सुमारे तीनशे जणांची पाहणी झाली, तिच्यात प्रलयपट आणि झोंबीपट आवडीने पाहणारे अधिक सावरलेले आणि अधिक तयारीत आढळले. दोन्ही निष्कर्ष मला पटतात. गोष्ट मन तयार करते. हात तयार करत नाही. आणि मुलांची ही ओढ फार तर दोन आठवडे टिकते. तेवढ्यात मोठ्यांनी काही हाती दिलं नाही, तर ती ऑनलाइन सुरा मागवण्यात आणि रानात झोपडी बांधण्याचे व्हिडिओ बघण्यात विरून जाते.

काय द्यायचं, ते आम्हा चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ने शिकवलं. वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली, वीज गेली, फोन बंद पडले. आम्ही सातजण वरच्या मजल्यावर अडकलो. चहूकडे पाणी आणि प्यायला घोट नाही. पुराच्या पाण्यात डिझेल, सांडपाणी, दुकानांतली औषधं सगळं मिसळलेलं. जंतू उकळल्याने मरतात, डिझेल जात नाही. शेवटी गॅलरीच्या कठड्याला प्लास्टिकचा कागद चार कोपऱ्यांनी बांधून मध्ये कळशी ठेवली आणि पावसाचं पाणी धरलं. हे मला सुचायला दोन तास लागले, याचं मला अजून वाईट वाटतं. समोरच्या इमारतीतल्या दोन मुलांनी दोर आणि ट्रकची ट्यूब घेऊन तीन म्हाताऱ्या माणसांना उंचावर नेलं. त्यांना गाठ मारता येत होती, कारण दोघं डोंगर चढणारे होते. ओढल्यावर आवळत न जाणारी बोलाइन गाठ कमरेला बांधायची, सुरगाठ कधीच नाही. एवढ्या ज्ञानावर तीन जीव तरले.

प्रलयाची आपल्याकडची फार जुनी गोष्ट शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे. मासा मनूला नाव तयार ठेवायला आधीच सांगतो. मनू त्याच्या शिंगाला दोर बांधतो. उत्तरेच्या पर्वताशी पोचल्यावर मासा म्हणतो, नाव झाडाला बांध, पण पाणी ओसरेल तसतसा तूही खाली उतर, नाहीतर वरच अडकशील. दोर कधी आणि कशाला बांधायचा, आणि पाणी उतरताना काय सांभाळायचं, हे सांगणारा तो मासा मला थोर शिक्षक वाटतो.

आधुनिक प्रलयकथांची एक गोष्ट मात्र मला खटकते. त्यांत संकट आलं की माणूस माणसाच्या जिवावर उठतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारंटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं आपत्तींचा अभ्यास केला. लुटालूट आणि पळापळ हा अपवाद असतो आणि पहिली मदत शेजारीच करतात, असं त्यांना वारंवार दिसलं. चिपळुणात आम्हीही तेच पाहिलं. म्हणून मुलांना एकट्याने तगण्याची कला शिकवू नये, शेजारच्या आजीला जिन्यावरून दोघांनी मिळून कसं उतरवायचं ते शिकवावं.

दहावीच्या विज्ञानात आपत्ती व्यवस्थापनाचा धडा आहे. मुलं तो गुणांपुरता पाठ करतात. त्या तासाला एकदा तरी वर्गात दोर यावा, तुरटी यावी. नातवाला मी नदीच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवायला लावली, गाळ बसू दिला, वरचं पाणी सुती फडक्यातून गाळायला लावलं आणि खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर मोजायला लावलं. उन्हाळ्यात हेच निवळलेलं पाणी पारदर्शक बाटलीत सहा तास कडक उन्हात ठेवूनही चालतं. दुसऱ्या दिवशी त्याने हा सगळा खटाटोप गल्लीतल्या पाच मुलांना करून दाखवला. काटक्यांची आठवणही उरली नव्हती.

आपल्याला विनंती अशी की प्रलयकथांची परीक्षणं जरूर छापा, त्यांना घाबरू नका. फक्त जूनपर्यंत दर आठवड्याला त्यांच्याशेजारी चौकटीएवढी जागा द्या: एक गाठ, पाणी शुद्ध करण्याची एक रीत, छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याचा क्रम, सर्पदंश झाल्यावर काय करू नये. मजकूर डॉक्टरांकडून आणि गिर्यारोहकांकडून तपासून घ्या. पहिल्या चौकटीसाठी बोलाइनची पायरीपायरीची चित्रं नातवाने काढली आहेत, ती सोबत जोडली आहेत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, चिपळूण