'मुख्य व्यसन' एकच लिहा!

मा. संपादक,
स. न.

व्यसनी पुरुषांच्या मानसिक आजारांवरचा कालचा लेख दोनदा वाचला. तज्ज्ञ मंडळींचं सगळं बरोबरच असेल. पण शेवटी 'कुटुंबीयांनी रुग्णाला वेळीच उपचारासाठी न्यावे' असं लिहिलंय, तिथं माझं डोकं फिरलं. कुठं न्यावे, तेवढं छापायचं राहिलं.

माझा धाकटा भाऊ मार्केट यार्डात टेम्पो चालवायचा. दिवसभर तंबाखू-सुपारीचा मावा, संध्याकाळी दारू आणि रात्री झोपेच्या गोळ्या. दोन वर्षांपूर्वी तो सांगायला लागला, की यार्डातले हमाल स्पीकरवरून माझी बदनामी करतात. स्पीकर कुठला, काही नाही. एका व्यसनमुक्ती केंद्रात नेला. फॉर्म मीच भरला. 'मुख्य व्यसन' या रकान्यात एकच शब्द मावेल एवढी जागा. मी 'दारू' लिहिलं. मावा व्यसनात धरायचा असतो, हे आमच्याकडं कुणाच्या मनात येतं? आणि गोळ्या तर काय, औषधाच्याच की.

तिसऱ्या दिवशी फिट आली. दारू आणि त्या गोळ्या दोन्ही एकदम तोडल्या की असं होऊ शकतं, हे नंतर कळलं. आदल्या रात्री तो भिंतीवर साप दाखवत होता, तर तिथला माणूस म्हणे, 'नाटकं करतोय.' मग फोन आला, 'पेशंट मेंटल आहे, आमच्याकडं चालत नाही, घेऊन जावा.' एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेलं, तर 'आधी दारू सोडवून आणा, मग बघू.' सांगली-मिरज काही लांब नाही, पण तीच फाइल घेऊन चार हेलपाटे घातले की लांब वाटतं. १४४१६ या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर भावजयीनं फोन केला, पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या आठवड्यातला तेवढाच दिलासा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही मानसिक आजारातच धरल्यात. दिल्लीला कळलं. केसपेपरच्या खिडकीपर्यंत यायला अजून किती वर्षं?

शेवटी एक डॉक्टर भेटले. त्यांनी भावाला विचारलं, 'सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय घेतोस, ओळीनं सांग.' त्यानं सगळं सांगितलं. मग भावजयीला विचारलं, आधी आवाज की आधी गोळ्या? आवाज आधीचे निघाले. ते बंद व्हावेत म्हणून तो गोळ्या घ्यायचा. अकरा वर्षांच्या संसारात हे भावजयीलाही ठाऊक नव्हतं आणि मला, थोरल्या भावाला, तर नाहीच नाही. दोन प्रश्न. त्याला काय मशीन लागतं का?

जाता जाता आपल्या दैनिकाबद्दलही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुपवाडात एमडी (मेफेड्रोन ही नशेची पावडर) सापडली, तेव्हा आपण पानंच्या पानं भरलीत. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांना मात्र कधी चार ओळीही नाहीत. कालच्या लेखाशेजारच्याच बातमीला मथळा, 'तळीरामाचा चौकात धिंगाणा'. आणि खाली पाव पान वेलचीची रंगीत जाहिरात! ती वेलची कोण विकतं आणि आणखी काय विकतं, हे जाहिरात विभागाला ठाऊक नसेल तर आमच्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला विचारावं.

पत्र न कापता छापावे ही विनंती. घंटागाडीबद्दलचं माझं मागचं पत्र निम्मंच छापलं होतं, तेही नेमकं गाडीच्या वेळेचा भाग गाळून.

आपला,
एक जुना वर्गणीदार, विश्रामबाग, सांगली