डायलिसिस फुकट आहे हो, पण तिथवर जायचं कसं?

राम राम मंडळी,

आपल्या गावातले चार जण सध्या डायलिसिसवर आहेत, म्हणजे किडनी काम करत नाही म्हणून रक्तातली घाण आणि जादा पाणी मशीननं काढावं लागतं, बऱ्याच जणांना हे माहितीच नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, एका वेळी चार-चार तास मशीनवर, आणि हे महिना-दोन महिन्यांचं काम नाही, किडनी बदलून मिळाली तर मिळाली नाहीतर कायमचंच. उपजिल्हा रुग्णालयात महात्मा फुले योजनेतून डायलिसिसला पैसे लागत नाहीत म्हणून लोकांना वाटतं, सुटले बिचारे. पण जाऊन येऊन ७० किलोमीटर, वडापच्या दोन गाड्या बदलायच्या, येताना बीपी उतरलेलं, पायात गोळे, धड उभं राहवत नाही, आणि सोबत जाणाऱ्याचीही रोजंदारी बुडते.

मागच्या महिन्यात वरच्या आळीतल्या एका काकूंनी भाड्याला पैसे नव्हते म्हणून लागोपाठ दोन डायलिसिस चुकवले, घरात कुणाला बोलल्या पण नाहीत. लघवी जवळजवळ होतच नाही, मग पाणी जाणार कुठं? रात्री असा दम लागला की आडवं पडता येईना, पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला केलाय, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला शीर आणि धमनी ऑपरेशन करून जोडलीय, वर बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. रोज उठल्या उठल्या त्या ती थरथर तपासतात, त्या हातानं कळशी उचलत नाहीत. प्यायचं पाणी सकाळीच एका तांब्यात मोजून ठेवतात, दिवसभर तेवढंच. इतकं सांभाळणाऱ्या बाईचं डायलिसिस गाडीभाड्यावाचून चुकावं हे आपल्या गावाला शोभत नाही, स्पष्टच बोलतो.

तर मंडळाने ठरवलंय की यंदा मिरवणुकीचा डीजे बंद, ते पैसे गाडीला. एका गाववाल्यांनी त्यांची ओमनी वापरायला दिलीय, पेट्रोल-देखभाल धरून एका फेरीला साधारण ८०० रुपये लागतील. ज्याला जमेल त्याने एका फेरीचा खर्च उचला, नाही जमलं तर शंभर द्या, पन्नास द्या, पावती मिळेल आणि हिशोब दर महिन्याला देवळाच्या फळ्यावर लागेल.

अजून एक, यात पैशाचा विषय नाही. ज्यांना शुगर किंवा बीपी आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्याच, कारण किडनी बरीचशी गेली तरी दुखत नाही, पायावर सूज दिसेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने रोज पेनकिलर आणून खाऊ नका, त्यानेही किडनी जाते.

गाडी सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ६ ला पारावरून निघेल. सोमवार-बुधवारचे ड्रायव्हर ठरलेत, शुक्रवारला अजून कोणी नाही, ज्याच्याकडे लायसन आहे त्याने आज संध्याकाळी आरतीनंतर येऊन नाव द्या.